विल्ट चेंबरलेन : विक्रमांचा धनी, विजेतेपदांच्या प्रतीक्षेत

अमेरिकेचे बास्केटबॉलपटू विल्ट चेंबरलेन यांचा जन्म २१ ऑगस्ट १९३६ रोजी फिलाडेल्फियात झाला. २ मार्च १९६२ रोजी त्यांनी न्यूयॉर्क निक्सविरुद्ध एकाच सामन्यात १०० गुण नोंदविले. हा विक्रम आजही अबाधित आहे. त्या हंगामात त्यांची सरासरी सामन्यामागे ५०.४ गुणांची होती. तरीही पूर्व विभागाच्या निर्णायक सातव्या लढतीत त्यांचा संघ बोस्टन सेल्टिक्सकडून अवघ्या दोन गुणांनी पराभूत झाला.

बोस्टनच्या बिल रसेल यांनी १३ हंगामांत ११ विजेतेपदे पटकावली. बॉब कूझी, सॅम जोन्स, जॉन हॅवलिचेक असे सहकारी त्यांना लाभले. चेंबरलेन यांना तशी साथ फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्समध्ये हॅल ग्रीअर, चेट वॉकर आणि बिली कनिंगहॅम यांची मिळाली. तेव्हा त्यांनी चेंडू सहकाऱ्यांकडे सोपविण्यावर भर दिला. त्यांची सरासरी २४.१ गुणांवर आली. मात्र १९६७ मध्ये बोस्टनची सलग आठ विजेतेपदांची मालिका खंडित झाली. १९७२ मध्ये जेरी वेस्ट यांच्या साथीने लॉस एंजेलिस लेकर्सकडून त्यांनी दुसरे विजेतेपद मिळविले.

१२ ऑक्टोबर १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. गुणांच्या विक्रमांत ते रसेल यांच्या पुढे, तर विजेतेपदांत मागे राहिले. या दोघांची तुलना सहकाऱ्यांचा वाटा वगळून करता येत नाही.