सुराचे उपासक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ

आमच्या शाळेतील वरच्या इयत्तांच्या मुलांस अलीकडे विजेवर वाजणाऱ्या गिटारीचा फार नाद लागला आहे. कोणता वादक थोर, असा वाद त्यांच्यात निघाला की निवाडा बहुधा एकाच मापाने होतो : ज्याची बोटे क्षणार्धात अधिक स्वरांवरून धावतील तो थोर. या मापाची आम्हांस थट्टा करावयाची नाही. ते नवे नाही व पोरकटही नाही. आपल्याकडील गवयांतही गळ्याच्या अशा वेगास तयारी हा मानाचा शब्द आहे, आणि ती तयारी अंगी येण्यास वर्षानुवर्षे पहाटेची मेहनत लागते. परंतु ती पुरतेपणी हाती आल्यावर जो तिला मागे सारतो, त्यास काय म्हणावे? अशा एका पुरुषाचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८७२ रोजी उत्तर हिंदुस्थानातील कैराना या गावी झाला. त्यांच्या गायकीस किराना घराणे हे नाव पडले ते या गावावरूनच. घर गवयांचे व सारंगियांचे. वडील काले खाँ व चुलते अब्दुल्ला खाँ यांजपाशी त्यांची तालीम झाली. गळ्याबरोबर सारंगी व बीन या वाद्यांवरही त्यांचा हात चाले. आणि ज्याने सारंगीच्या तारेवर नख सरकवीत स्वर शोधला आहे, त्याचा कान स्वरांमधल्या बारीक जागांविषयी किती जागा होत असेल, हे सांगावयास नको. तरुणपणी ते बंधू अब्दुल हक यांजसह बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी गवई होते. तेथेच ताराबाई माने यांच्याशी त्यांचे सूत जुळले व उभयतांनी बडोदे सोडून मुंबई इलाख्यात संसार थाटला. पुढे नावारूपास आलेले सुरेशबाबू माने व हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच मुले.

तरुणपणचे खाँसाहेब कसे गात, हे ऐकण्यास आजही साधन आहे. सन १९०५ च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीने त्यांच्या काही तबकड्या भरल्या. त्यांतील आवाज जोरकस आहे आणि तान अशी सुटते की ऐकणाराने श्वास रोखून धरावा. आज ज्या मापाने आमची मुले गिटार मोजतात, त्याच मापाने मोजले तरी हा गवई कोणास हार गेला नसता. मग असे काय घडले?

जाणकार याचे श्रेय बहुतांशी रहिमत खाँ यांच्या गाण्यास देतात. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे हे पुत्र मनाने काहीसे भ्रमिष्ट होते. प्रसिद्ध छत्रे सर्कशीचे विष्णुपंत छत्रे यांनी त्यांस आश्रय दिला होता. वाघसिंहांच्या तंबूबरोबर गावोगाव फिरणारा हा मनुष्य गाऊ लागला म्हणजे मात्र श्रोत्यांस जगाचा विसर पडे, इतका त्याचा स्वर आर्त व सरळ. ते गाणे अब्दुल करीम खाँ यांच्या मनात खोल उतरले. त्यांनी स्वतःचा आवाज हळूहळू बारीक, नाजूक व टोकदार करीत नेला आणि तानेपेक्षा आलापास अधिक वेळ देण्यास आरंभ केला. नावलौकिक झालेल्या गवयाने आपला गळा असा नव्याने घडवावा, हे साहस लहान नव्हे. ज्या तानांवर टाळ्या पडत, त्याच त्यांनी कमी केल्या!

स्वराचा हा शोध केवळ भावनेचा नव्हता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० साली ग्रंथ लिहिला. त्यांस व त्यांचे सहकारी क्लेमेंट्स साहेब यांस प्रत्यक्ष गळ्यातून श्रुती दाखविण्याच्या कामी खाँसाहेबांनी साहाय्य केले. तंबोरा नीट लागला म्हणजे खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो, तो कोणी छेडावा लागत नाही. आपल्या प्रार्थनेच्या पेटीतला गांधार त्याहून किंचित चढा असतो. हा भेद कानास कळावयाचा तर स्वरावर थांबले पाहिजे. डाकगाडी आपल्या खर्डीवरून रात्री निघून जाते तेव्हा खिडक्यांच्या उजेडाची एक रेघ तेवढी दिसते; थांबणाऱ्या गाडीत मात्र माणसांचे चेहरे ओळखू येतात. तानेतला स्वर व आलापातला स्वर यांत असेच अंतर आहे.

सन १९१३ मध्ये खाँसाहेबांनी पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले. गरीब शिष्यांचे खाणेपिणे ते स्वतःच्या मिळकतीतून चालवीत. मुलांस गंमत वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे : त्यांनी टिपू नावाच्या एका कुत्र्यासही सुरात सूर मिळविण्यास शिकविले होते. त्या बिचाऱ्याकडून तानेची अपेक्षा अर्थातच नव्हती. विद्यालय मात्र फार वर्षे टिकले नाही, आणि १९२२ साली ताराबाई मुलांसह वेगळ्या झाल्या. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य मुख्यतः मिरजेस गेले.

त्यांच्या गायकीवर आक्षेप घेणारेही होते. लयीशी खेळण्याचे अंग तीत दुबळे, चिजेचे शब्द अस्पष्ट, असे ते म्हणत. आमच्या मते हे आक्षेप अगदीच निराधार नाहीत. एका गोष्टीस सर्वस्व दिले म्हणजे दुसरीकडे उणे पडतेच. तथापि त्यांच्या उत्तरवयातील, ओडियन कंपनीच्या तबकड्या ऐकाव्यात. तबकडीच्या एका बाजूस तीनसाडेतीन मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे. इतक्या थोड्या वेळात आपली सर्व करामत दाखविण्याचा मोह कोणासही व्हावा. खाँसाहेब त्या तीन मिनिटांतही एखाद्या स्वरावर असे विसावतात की जणू सारी रात्र त्यांच्या हाती आहे. तान येते, पण काम झाल्यावर निमूट परतते. त्यांच्या झिंझोटीतील ठुमरीची अशीच एक तबकडी गदगच्या बाजारात वाजत असता एका शाळकरी मुलाच्या कानी पडली, आणि तसे गाणे शिकावे म्हणून तो १९३३ साली घर सोडून पळाला. तेच पुढे पंडित भीमसेन जोशी म्हणून प्रसिद्धीस आले. फिरून अखेर त्यांस गुरू लाभले ते सवाई गंधर्व, म्हणजे खाँसाहेबांचेच शिष्य.

कर्नाटकी संगीताचीही खाँसाहेबांस ओढ होती. म्हैसूर दरबारी त्यांचा सन्मान होई व दक्षिणेत त्यांचे वारंवार जाणे असे. सन १९३७ च्या ऑक्टोबरात ते मद्रासेहून पाँडिचेरीस निघाले असता गाडीत छातीत कळ आली. सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्थानकावर मंडळी उतरली. खाँसाहेबांनी फलाटावर अंथरूण घालविले, तंबोरा मिळवून घेतला आणि दरबारी रागाच्या स्वरांत ईश्वराची प्रार्थना आरंभिली. गाता गाताच त्यांचे प्राण गेले. तो दिवस २७ ऑक्टोबरचा. त्यांचा देह मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन करण्यात आला. तेथे दरवर्षी उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ गवई जमतात व आपापली हजेरी लावून जातात.