सरखेल कान्होजी आंग्रे यांचीं शिडें

मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचें चरित्र पुष्कळांनीं वाचलेलें असेल. परंतु त्यांचा भर कोणत्या जातीच्या नौकांवर व शिडांवर होता, इकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. सातपाटी-तारापूरच्या किनाऱ्यावर वाढणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधूंस तरी ही गोष्ट ठाऊक असावी, म्हणून आम्ही तीच येथें विशेष सांगणार आहों.

कान्होजींचा जन्म सुमारें १६६९ सालीं झाला. वडील तुकोजी हे शिवाजीमहाराजांच्या आरमारांत चाकरीस होते. सुवर्णदुर्गावर कान्होजींनीं नांव मिळविलें व १६९८ च्या सुमारास, राजाराममहाराजांच्या कारकीर्दींत, सरखेली त्यांजकडे आली. १७१३ सालीं बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीनें ते शाहूमहाराजांच्या पक्षास मिळाले.

इंग्रज व पोर्तुगीज यांचीं जहाजें उंच, तोफा पुष्कळ आणि शिडें बहुधा चौकोनी. पाठीवर वारा असला म्हणजे त्यांची गति उत्तम. पण समोरून तिरपा वारा आला कीं त्यांची पंचाईत होई. कान्होजींची मदार मुख्यतः गुराब व गलबत यांवर. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची व पुढें निमुळती असे. तिच्या नाळेवरून थेट समोर तोफ डागतां येई. गलबत त्याहून पुष्कळ लहान. त्याच्या मोठ्या डोलकाठीवर एकच विशाल त्रिकोणी शीड चढवीत. त्याचें टोंक डोलकाठीच्याहि वर जाई. हें शीड तिरप्या वाऱ्यासहि जुमानीत नसे. मात्र दिशा पालटतांना त्याचा लांब वासा डोलकाठीच्या दुसऱ्या अंगास न्यावा लागे, आणि वारा जोराचा असल्यास तें काम मोठ्या धोक्याचें. वारा अगदींच पडला तर चाळीस-पन्नास वल्हीं होतींच! गलबत पाण्यांत थोडेंच बुडत असल्यामुळें उथळ खाडींतहि शिरे.

हल्लींच्या शर्यतींत सारख्या लांबीच्या व सारख्या शिडांच्या होड्यांचा एकेक वर्ग करतात. युद्धांत अशी समता कोण देणार? वारा मंदावला कीं गलबतें गुराबांस ओढीत मोठ्या जहाजाच्या पिछाडीस आणीत, कारण तिकडे त्याच्या तोफा थोड्या. प्रथम शिडें व डोलकाठ्या मोडावयाच्या, मग गलबतांतील लोकांनीं वर चढावयाचें, असा हा क्रम असे.

१७१७ सालीं विजयदुर्गावर, १७१८ सालीं खांदेरीवर व १७२१ सालीं पोर्तुगीजांसह कुलाब्यावर इंग्रज चालून गेले; तिन्ही वेळां त्यांस हात हालवीत परतावें लागलें. इंग्रजी ग्रंथकार कान्होजींस चांचे म्हणत आले. परंतु समुद्रावर परवाना घेण्याची सक्ति पोर्तुगीज आधींपासून करीत होते. तीच कान्होजींनीं आपल्या किनाऱ्यावर केली, तर एकास राज्यकर्ता व दुसऱ्यास चांचा म्हणणें आम्हांस न्याय्य दिसत नाहीं.

त्या काळीं तारापूर, माहीम व वसई येथें पोर्तुगीजांचा अंमल होता. आपला हा किनारा शत्रुपक्षाकडे होता. तो १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं जिंकला. तें पाहण्यास कान्होजी उरले नव्हते. ४ जुलै १७२९ रोजीं त्यांचा अंत झाला. त्यांची समाधि अलीबाग येथें आहे.