डॉ. भाभांचे फुगे

परवा सुरतेच्या डुमस किनाऱ्यावर माझ्या एका शिष्याच्या हातून गॅसचा फुगा सुटला. तो कोठवर जाईल, असे त्याने मला विचारले. शेजारी त्याचे वडील होते. मुलाला इंजिनिअर करावयाचे म्हणून पुढल्या महिन्यापासून त्याचे गाणे बंद करण्याचे त्यांनी ठरविले होते. मला डॉ. होमी भाभा आठवले.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईच्या एका पारशी कुटुंबात झाला. बेथोव्हेनच्या ध्वनिमुद्रिका ऐकत त्यांचे कान घरीच तयार झाले. चित्रेही ते उत्तम काढीत. त्यांनी इंजिनिअर व्हावे ही वडिलांची इच्छा. पण केंब्रिजला त्यांचे मन पदार्थविज्ञानात रमले. आधी इंजिनिअरिंगचा पहिला वर्ग, मग हवे ते, असे ठरले. १९३० साली मुलाने अट पुरी केली आणि वडिलांनी शब्द पाळला.

१९३९ साली भाभा सुट्टीवर आले आणि महायुद्धामुळे येथेच राहिले. बंगलोरला त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास चालविला. हे किरण अंतराळातून येतात. पण हवेवर आदळून त्यांचा फवारा होतो. मूळ स्वर ऐकावयाचा तर हवेच्या वर जावयास हवे! म्हणून भाभांनी रबरी फुग्यांच्या झुबक्यांखाली मोजयंत्रे बांधून वर सोडली.

हायड्रोजन हवेपेक्षा सुमारे चौदापट हलका. त्याने भरलेला एक घनमीटरचा फुगा किलोभर भार उचलतो. वर हवेचा दाब घटतो, तसा रबरी फुगा फुगत जाऊन अखेर फुटतो. पुढे भाभांनी १९४५ साली स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने पॉलिथिनचे प्रचंड फुगे बनविले. त्यांना खालून वाट ठेवलेली असते. जादा वायू निघून जातो आणि फुगा तीस किलोमीटरांच्या आसपास तासन्‌तास तरंगतो.

२४ जानेवारी १९६६ रोजी मोंट ब्लांकवर विमान कोसळून भाभा गेले.

मी दरबारी गवयाचा मुलगा. गाणे माझ्यासाठी आधीच ठरलेले होते. मला कोणी विचारले नाही आणि अटही घातली नाही. म्हणून भाभांच्या वडिलांची ती अट मला फार मोलाची वाटते. त्या गृहस्थांना मी एवढेच सांगितले. ते बराच वेळ आकाशाकडे पाहत राहिले.

गुरुवारी मुलगा शिकवणीला आला. गणिताची वही त्याने तंबोऱ्याशेजारी ठेवली होती.