साथीचे गणित

मुलांनो, आपल्या भिवंडीहून मुंबई किती जवळ! तेथे १८९६ साली प्लेग आला आणि वर्षानुवर्षे परतत राहिला. दर आठवड्याचे मृत्यू सरकारी दप्तरात नोंदले जात.

अँडरसन मॅकेंड्रिक हे स्कॉटलंडचे डॉक्टर. जन्म १८७६. हिवतापाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यामुळे ते गणिताकडे वळले. कसौलीच्या पाश्चर संस्थेत काम करून ते मायदेशी परतले. तेथील त्यांचे सहकारी करमॅक यांची दृष्टी १९२४ साली प्रयोगशाळेतील स्फोटात गेली. तरी काम थांबले नाही. सगळे आजारी पडण्याआधीच साथ का ओसरते, हे दोघांनी १९२७ साली गणिताने दाखवले. लागण होऊ शकेल अशी माणसेच कमी उरतात! मुंबईतील १९०५-०६ सालच्या मृत्यूंचे आकडे या गणिताशी जुळले. प्लेग उंदरांमार्फत पसरतो, म्हणून हा हिशेब ढोबळच, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

मॅकेंड्रिक १९४३ साली वारले. २०२० साली कोरोना आला, तेव्हा रुग्णालयांत किती खाटा लागतील याचा अंदाज याच गणिताच्या आधारे बांधला गेला.