विश्लेषण : जिम कॉर्बेट यांचा नेम किती अचूक होता? शिकारीच्या रायफलीकडून नेमकी अपेक्षा किती ठेवावी?

कुमाऊंतील चंपावतजवळ १९०७ मध्ये मारल्या गेलेल्या नरभक्षक वाघिणीच्या नावावर ४३६ बळींची नोंद होती. तिच्या जबड्यात उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. बंदुकीच्या जुन्या जखमेमुळे ती नेहमीची शिकार करू शकत नव्हती, म्हणून माणसांकडे वळली, असा निष्कर्ष तिला मारणाऱ्या जिम कॉर्बेट यांनी काढला. कोणाचा तरी नेम काही इंचांनी चुकला आणि त्याची किंमत शेकडो कुटुंबांनी मोजली.

कोण होते जिम कॉर्बेट?

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालमध्ये झाला. वडील तेथे पोस्टमास्तर होते. ते लवकर वारले. हिवाळ्यात हे कुटुंब काळाढुंगीला राही. तेथील जंगलात लहानग्या जिमच्या हाती आली ती ठासणीची दोननळी बंदूक, तीही एक नळी फुटलेली. पुढे शाळेच्या कॅडेट तुकडीमुळे त्यांना पॉइंट ४५० मार्टिनी रायफल वापरायला मिळाली. दारूगोळा मोजका असल्याने प्रत्येक बार विचार करून टाकण्याची सवय तेव्हाच लागली. तरुणपणी त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि बिहारमधील मोकामा घाटावर माल उतरवण्या-चढवण्याचे काम २० वर्षांहून अधिक काळ सांभाळले.

चंपावतमध्ये काय घडले?

जवळची तिन्ही काडतुसे संपली तेव्हा वाघीण जखमी होती, पण जिवंत होती. कॉर्बेट यांनी तहसीलदारांची जुनी बंदूक घेतली. तिची नळी आणि मागचा भाग यांत फट होती. अवघ्या २० फुटांवरून त्यांनी वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरला. गोळी लागली पंजाला. वाघीण आधीच्या जखमांनीच मेली. हत्यार विश्वासाचे नसेल, तर उत्तम नेमबाजही हाकेच्या अंतरावरून चुकतो, हे यातून दिसते. या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन ह्युएट यांनी त्यांना पॉइंट २७५ रिग्बी रायफल भेट दिली.

शिकारीची रायफल किती अचूक असते?

अचूकता मोजताना रायफल टेकवून एकाच लक्ष्यावर तीन ते पाच गोळ्या झाडतात आणि त्यांची छिद्रे किती विखुरली ते पाहतात. १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर, ही छिद्रे दीड-दोन इंचांत बसली, तर शिकारीची रायफल चांगली मानावी. मानवेल असे काडतूस मिळाले, तर काही रायफली एका इंचातही बसतात. मात्र शिकारीच्या रायफलीची नळी बहुधा पातळ असते. ती लवकर तापते आणि गोळ्या पसरू लागतात. म्हणून शिकारीत महत्त्व पहिल्या, थंड नळीतून सुटणाऱ्या गोळीला असते.

अंतर कमी होते तसा हा फरकही घटतो. १०० यार्डांवर दोन इंच पसरणारी रायफल २० फुटांवर जेमतेम तीन मिलिमीटर पसरते. कॉर्बेट बहुतेक वेळा जवळूनच बार टाकत. तेथे चूक होते ती धापेने, थरथरत्या हाताने, अपुऱ्या उजेडाने किंवा घाईने. उभ्याने, आधाराशिवाय झाडलेली गोळी टेकवून झाडलेल्या गोळीच्या कित्येक पट भरकटू शकते.

मग कॉर्बेट कशावर भिस्त ठेवत?

१९३० मध्ये चौगढची वाघीण त्यांच्यासमोर आठ फुटांवर बसलेली होती. त्यांच्या डाव्या हातात पक्ष्याची अंडी आणि उजव्या हातात रायफल होती. एका हाताने, अगदी सावकाश, त्यांनी नळी तिच्याकडे वळवली आणि मगच चाप ओढला. ही घाई न करण्याची सवयच त्यांना वाचवून गेली. रायफल हलकी असल्याचाही फायदा झाला. १२५ बळी घेणाऱ्या रुद्रप्रयागच्या बिबट्यासाठी १९२६ मध्ये ते आंब्याच्या झाडावर रात्रीमागून रात्री बसले. अखेर रायफलीला बांधलेली विजेरी क्षणभर पेटली आणि विझली. गोळी झाडायला तेवढाच उजेड मिळाला. ती बरोबर लागली, हे पाहायला पहाटेपर्यंत थांबावे लागले.

बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

हळूहळू त्यांचा ओढा छायाचित्रणाकडे वाढला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानासाठी त्यांनी प्रयत्न केले होते. १९४७ मध्ये ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले. १९५७ मध्ये त्या उद्यानाला त्यांचे नाव मिळाले. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही तेथूनच झाली.

आज कायदा काय सांगतो?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वाघ आणि बिबट्याच्या शिकारीला बंदी आहे. माणसांच्या जिवावर उठलेला प्राणी पकडणे किंवा बेशुद्ध करणे शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतात. अशा वेळी गोळी झाडणाऱ्याने खात्री नसेल तर चाप ओढू नये. केवळ जखमी होऊन निसटलेला प्राणी आसपासच्या गावांसाठी आधीपेक्षा धोकादायक ठरू शकतो.