डफ खाली ठेवणारा शाहीर

पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्याची खबर गावोगाव पोहोचायची ती दोन वाटांनी. सांडणीस्वार खलिते घेऊन सरदार-सावकारांकडे जात आणि शाहीर डफ-तुणतुणे घेऊन बाकी सर्वांकडे. मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ निघाले १८३२ साली. मुंबईचे नभोवाणी केंद्र तर १९२७ चे. तोवर लढाई कोणी जिंकली, गादीवर कोण बसला हे खेड्यातल्या माणसाला चावडीपुढच्या पोवाड्यातूनच कळे. प्रवरेकाठच्या संगमनेरने अशा शाहिरांतला एक अग्रणी महाराष्ट्राला दिला. त्याचे नाव अनंत फंदी.

अनंत घोलप यांचा जन्म १७४४ चा, यजुर्वेदी ब्राह्मण कुटुंबातला. संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर राहत असे. त्याच्याशी अनंताचा इतका स्नेह जुळला की लोक अनंतालाही फंदी म्हणू लागले. फकिराचे हे नाव या ब्राह्मण कवीने आयुष्यभर मिरवले आणि मूळचे आडनाव मागे पडले. त्या काळच्या सामाजिक चौकटीत ही गोष्ट लहान नव्हती. त्याहून धाडसाची गोष्ट म्हणजे त्यांनी तमाशाचा फड जवळ केला. ढोलकी आणि तुणतुण्याच्या साथीत निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र येत तो हा फड. तेथे ब्राह्मणाने उभे राहावे हे जातभाईंना रुचणारे नव्हते. फंदींची शीघ्र कवित्वशक्ती आणि ठसकेबाज लावणी मात्र श्रोत्यांना विलक्षण भावली.

त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली ती अहिल्याबाई होळकरांमुळे, असे परंपरा सांगते. ब्राह्मणाने अशी बुद्धी तमाशात खर्च करणे बरे नव्हे, असे बाईंनी त्यांना समजावले आणि फंदींनी डफ खाली ठेवून कीर्तनाची वाट धरली. बाईंचा स्वभाव पाहता हे पटण्यासारखे आहे. स्वतःच्या स्तुतीने भरलेला ग्रंथ त्यांनी नर्मदेत सोडायला लावल्याची आख्यायिकाही प्रसिद्ध आहे. सोलापूरचे राम जोशीही पुढे असेच तमाशातून कीर्तनाकडे वळले. प्रतिष्ठितांना हे परिवर्तन शोभून दिसले. फडाचे मात्र नुकसान झाले, याची दखल त्या मानाने कमी घेतली गेली.

लावणीची रग ओसरली तरी फंदींची लेखणी थांबली नाही. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. खर्डा आजच्या जामखेड तालुक्यात येतो. अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडीही त्याच तालुक्यातले. त्यांच्याच नावावरून २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. या लढाईवर फंदींनी रचलेला पोवाडा त्यांच्या महत्त्वाच्या रचनांत गणला जातो. विजयाचा हा हर्ष फार टिकला नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अहिल्याबाई गेल्या आणि ऑक्टोबरमध्ये अवघ्या एकवीस वर्षांचे सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून मृत्यू पावले. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या सांगण्यावरून फंदींनी माधवरावांवर ‘माधवनिधन’ हे ओवीबद्ध काव्य लिहिले.

पेशव्याचे काम केले म्हणून शाहीर पेशव्याचा मिंधा झाला नाही. १८०० मध्ये नाना फडणीस निवर्तले, १८०२ मध्ये बाजीरावाने वसईचा तह केला आणि पुण्याची घडी विसकटत गेली. वाडवडिलांच्या जुन्या सेवकांची आबाळ करणाऱ्या या कारभारावर फंदींनी आपल्या कवनातून उघड कोरडे ओढले. राज्यकर्ता हयात आणि गादीवर असताना, त्याच्याच मुलखात राहून हे म्हणायला छाती लागते. दरबारी बखरकारांत असा स्पष्टपणा क्वचितच आढळतो. इतिहासाच्या अभ्यासकांना म्हणूनच फंदींची कवने मोलाची वाटतात; तपशील तपासून घ्यावे लागतात, पण लोकांच्या मनात काय खदखदत होते ते त्यांतून समजते.

सामान्य मराठी माणसाला फंदी ठाऊक आहेत ते फटक्यामुळे. संसारी माणसाला चार खडे बोल सुनावणारा, द्रुत चालीचा हा काव्यप्रकार त्यांनी लोकप्रिय केला. कीर्तनकाराचा उपदेश आणि तमासगिराची लय येथे एकत्र आली; डफ खाली ठेवला तरी त्याचा ठेका कवितेत उरलाच होता. शाळेच्या पुस्तकांतून हा फटका पिढ्यान्‌पिढ्या पाठ झाला.

१८१८ मध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि पेशवाई संपली. पुढच्याच वर्षी, वयाच्या पंचाहत्तरीच्या सुमारास, फंदींचे निधन झाले. त्यांचे पोवाडे शाहिरांच्या तोंडी पुढेही राहिले. १८९१ मध्ये ॲकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हा मौखिक परंपरेने जपलेला हा ठेवा प्रथमच मोठ्या प्रमाणावर ग्रंथबद्ध झाला. संगमनेरात फंदींच्या नावाने व्याख्यानमाला भरत आली आहे.