नाथांच्या घरचे अद्वैत

अद्वैत हा शब्द ऐकला की आपल्यासारख्या प्रापंचिकांना तो आपला विषय वाटत नाही. ब्रह्म, माया, जीव, शिव हे सगळे निवृत्तीनंतर सवडीने पाहू, असे म्हणून आपण ते फडताळात ठेवून देतो. पण याच महाराष्ट्रात चारशे वर्षांपूर्वी एका गृहस्थाने बायकामुले, पाहुणेरावळे, श्राद्धपक्ष आणि गावकीचे टोमणे या सगळ्यांच्या मध्ये उभे राहून अद्वैत जगून दाखवले. ते म्हणजे पैठणचे संत एकनाथ.

आमचे कोल्हार प्रवरेच्या काठी. ही प्रवरा पुढे नेवाशावरून जाऊन टोक्याजवळ गोदावरीला मिळते आणि गोदावरी पैठणला जाते. आमच्या गावावरून वाहणारे पाणी शेवटी नाथांच्या दारात पोचते. नाथांच्या कथाही याच मुलखातून घरोघरी गेल्या. शेजारच्या राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपतीबुवा यांनी ‘भक्तलीलामृत’ या ग्रंथात नाथांचे चरित्र विस्ताराने सांगितले. तो ग्रंथ १७७४ सालचा, म्हणजे नाथांच्या मागे पावणेदोनशे वर्षांनी झालेला. त्यातले चमत्कार ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावेत. कथांमधून दिसणारा माणूस मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच आहे.

नाथांचा जन्म १५३३ च्या सुमाराचा. विजयनगरला गेलेली विठ्ठलमूर्ती पंढरपूरला परत आणणारे भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले आणि आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढवले. लहान वयातच ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. हे गुरू मठात बसणारे नव्हते. निजामशाहीच्या चाकरीत राहून ते किल्ल्याचा कारभार पाहत आणि दत्ताची उपासनाही करीत. शिष्यालाही त्यांनी हिशेबाला बसवले.

एका पैचा हिशेब लागेना म्हणून नाथ रात्रभर वह्या चाळीत बसले, ही गोष्ट शाळेत सर्वांनी ऐकलेली असते. चूक सापडताच त्यांना झालेला आनंद पाहून गुरूंनी सुचवले, की हीच एकाग्रता परमार्थात लागली तर काय होईल! मी जन्मभर बँकेत नोकरी केली. संगणक येण्यापूर्वी सहामाहीला बेरजा जुळेनात की आमच्याही रात्री लेजरांवर वाकून जात. फरक चार आण्यांचा असला तरी शोधावाच लागे, कारण लहान फरकामागे कधीकधी दोन मोठ्या चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात. नाथांचे पुढचे आयुष्य पाहिले की वाटते, त्यांनी हाच नियम आपपरभावाला लावला. भेद केवढाही बारीक दिसो, तो त्यांनी तसाच पुढे ओढला नाही.

तीर्थयात्रा करून आल्यावर गुरूंच्या आज्ञेने ते पैठणला संसारात पडले. विजापूरकडच्या गिरिजाबाई पत्नी, हरिपंडित मुलगा, गोदा आणि गंगा या मुली. सकाळी स्नानसंध्या, दुपारी पुराण, रात्री कीर्तन आणि येईल त्याला जेवण. पुरणपोळीच्या ओढीने आलेला गावबा नावाचा मुलगा या घरी राहिला तो कायमचाच. नाथांचे ‘भावार्थ रामायण’ अपुरे राहिले, ते पुढे यानेच पुरे केले अशी परंपरा आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची नाथांची टीका १५७३ साली काशीत पूर्ण झाली. १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि हाच पंडित भारुडांतून वाघ्या, भुत्या, जोशी, महार यांच्या तोंडून बोलला. आमच्या भगवतीच्या नवरात्रात जोगवा ऐकताना मला नेहमी आठवते, की नाथांनी आपल्या जोगव्यात निर्गुणालाच भवानी म्हणून उभे केले आहे.

पुस्तकातले अद्वैत त्यांनी ग्रंथांत मांडले; त्याची परीक्षा झाली ती मात्र रस्त्यात आणि ओसरीवर. रामेश्वराला वाहायचे गंगाजल कावडीत होते. वाटेत वाळवंटात एक गाढव तहानेने तडफडत होते. नाथांनी ते पाणी त्याला पाजले. सोबतचे लोक हळहळले. नाथांच्या लेखी पाणी रामेश्वरालाच पोचले होते. तापल्या वाळूत रडणारे, अस्पृश्य मानलेल्या समाजाचे मूल त्यांनी कडेवर घेऊन घरी पोचवले. श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास वाटेवरच्या भुकेल्या महार कुटुंबांना आला, तेव्हा नाथांनी आणि गिरिजाबाईंनी ते अन्न त्यांना वाढले. नंतर पुन्हा स्वयंपाक झाला, पण ब्राह्मण जेवायला आले नाहीत. या प्रत्येक वेळी नाथांना काहीतरी मोजावे लागले आहे. कधी यात्रेचे पुण्य, कधी सोवळे, कधी गावातली पत.

सर्वांत अवघड परीक्षा घरातच होती. हरिपंडित मोठा विद्वान. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्याला पटेना. तो काशीला निघून गेला. नाथ स्वतः जाऊन त्याला घेऊन आले, ते त्याच्या दोन अटी मान्य करून: परान्न घ्यायचे नाही आणि पुराण संस्कृतातच. श्रोते रोडावले. पुढे एका गरीब बाईचे सहस्रभोजनाचे व्रत एका नाथांना जेवू घालून पूर्ण झाले आणि मुलाचा अभिमान गळाला, असे कथा सांगते. मला मात्र त्याआधीचा काळ मोठा वाटतो. वाटेवरच्या गाढवात देव पाहणे एक वेळ सोपे. आपल्याला चूक ठरवणाऱ्या मुलातही तोच पाहून गप्प राहणे कठीण.

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला. देवाने श्रीखंड्या होऊन त्यांच्या घरी बारा वर्षे पाणी भरले अशी श्रद्धा आहे आणि वाड्यातला तो रांजण नाथषष्ठीच्या यात्रेत आजही भरला जातो.

पैठणच्या जायकवाडी जलाशयाला नाथसागर म्हणतात. पाऊस कमी झाला की भंडारदरा-निळवंड्याचे पाणी प्रवरेतून त्यासाठी सोडतात. २०१८ साली सोडले, २०२३ साली सोडले. तेव्हा काठच्या मोटारींची वीज बंद होते, बंधाऱ्यांच्या फळ्या निघतात आणि बाजारातल्या गप्पांत आपले पाणी, त्यांचे पाणी सुरू होते. आमच्याकडचा ऊस वाळतो हे खरे आणि मराठवाड्यात घागरी रिकाम्या असतात हेही तितकेच खरे. किती पाणी कोणाचे, हे २००५ च्या कायद्याने आणि पाटबंधारे खात्याने ठरवावे. तो हिशेब नाथही नाकारणार नाहीत, ते हिशेबातलेच होते. पण त्यांच्या नावाच्या सागराकडे चाललेले पाणी पुलावरून पाहताना खालच्या गावातली तहान आपल्याला परकी वाटते की नाही, एवढे ज्याचे त्याने तपासून पाहावे.